मुळांसकट आलेलं इसाले

म्वेका छावणी, ९ फेब्रुवारी, दुपार

अनान्सिया,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. पत्ता मान्कानं दिला. तीन महिने मागत होतो, तेव्हा कुठे दिला. गौदेन्सचीच बायको ती. तो आपल्या तुकडीचा आचारी, भांडं हातचं सोडत नाही, आणि ही तोंडातली गोष्ट सोडत नाही. फोन तू उचलत नाहीस. कागद निदान फाडायला तरी हातात घ्यावा लागतो.

आज मी शेवटचा डोंगर उतरतोय. उद्या सकाळी जंगलातून तीन तास चाललं की फाटक, मग सह्या, मग गाणं, मग घर. तेहेतीस वर्षांपूर्वी लोकांची ओझी डोक्यावर घेऊन चढायला लागलो होतो, आता माझी पिशवीसुद्धा पोरं हातातून काढून घेतात. मघापासून माझ्या तंबूभोवती घुटमळताहेत. उद्या मला बोलायला लावायचा बेत दिसतोय. सांगून टाकलंय त्यांना, गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे, तेव्हा काळजी करू नका.

घरी बसून माशा मारणार नाहीये मी. मालकांनी नव्या मार्गदर्शकांसाठी वर्ग काढलाय, एप्रिलपासून मी तिथला मास्तर. खुर्ची, फळा, डोक्यावर पंखा. पंख्याची मला काय गरज, पण आहे. तुला काय त्याचं म्हणा. तू फरशा विक. डोंगरावरच्या मुलीनं समुद्राकाठी घाम पुसत फरशा विकाव्यात, हे तुझ्या आईनं बघितलं नाही तेच बरं.

या वेळी गिऱ्हाईक एकच होतं. डेन्मार्कचा हेन्रिक, वय चोपन्न, याआधी एकदा अर्ध्यातून परत गेलेला. आज पहाटे स्टेला पॉइंटपर्यंत नीट आला. तिथं बसला आणि उजवा हातमोजा डाव्या हातात घालायला लागला. एकदा, दोनदा, तीनदा. मी ओळखलं, विरळ हवा डोक्यात गेली. ऊन वर आलं होतं, वाट सरळ, शिखराची पाटी पाऊण तासावर. मी म्हटलं, उठा, खाली जायचं. तो काय काय बोलला ते मला कळलं नाही, त्याच्या भाषेत होतं, पण शिव्या कुठल्याही भाषेत कळतात. खाली बराफूच्या छावणीत आल्यावर त्याला हातमोजे बरोबर घालता यायला लागले. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोललेला नाही.

तुला हे का लिहितोय कोण जाणे. चार वर्षं माझ्या हाताखाली साहाय्यक होतीस, एवढंच. तुला कळेल म्हणून.

त्या बेल्जियमवाल्याबद्दल मला काही लिहायचं नाही. कचेरीनं चौकशी केली, कागद बघितले, तुझा परवाना काढून घेतला. कचेरीचं कचेरीला माहीत. पण फाटकापाशी चाळीस माणसांदेखत 'बाबा, तुम्ही खोटं बोलताय' असं कचेरी नाही म्हणाली, तू म्हणालीस. किबोशोत बापाला असं कुणी म्हणत नाही. प्यायलेला माणूससुद्धा म्हणत नाही.

आणि त्यानंतर चार महिन्यांनी ते इसालेचं झाड पाठवलंस. बसच्या पार्सलमधून, कुंडीत, मुळांसकट. सोबत ना माणूस, ना चिठ्ठी. मुळांसकट इसाले कशाला देतात हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बांधावर लावायला. इथपर्यंत माझं, पुढचं तुझं. समजलो मी. बापलेकीत कुंपण! बरं तर बरं. नेऊन लावलं केळीच्या बागेच्या पार टोकाला. चांगलं कमरेएवढं झालंय, कळवतो.

दोन नाताळ झाले. सगळं किबोशो घरी येतं, शहरांतून गाड्या भरभरून येतात, रस्त्याला पाय ठेवायला जागा नसते. मी तुझी खोली झाडतो आणि दार परत ओढून घेतो. उंदीर होऊ नयेत म्हणून.

पोरं जेवायला हाका मारताहेत.

बाबा


किबोशो, घरी, ११ फेब्रुवारी

अनान्सिया,

कालच्या फाटकावरचं सांगतो. आधीचं पत्र अजून टाकलेलं नाही, दोन्ही एकाच पाकिटात येतील. आधीचं फाडावंसं वाटलं होतं. पण म्हटलं राहू दे, माणूस किती आडमुठा असतो ते तुला वाचायला मिळेल.

पोरांनी गाणं धरलं, नाच केला, मला मध्ये ओढलं. हेन्रिक हाताची घडी घालून उभा. टाळी नाही, हसू नाही. मग कागद आले. शिखरावर पोचलेल्याचा कागद वेगळा आणि स्टेलावरून वळलेल्याचा वेगळा, हे तुला सांगायला नको. त्याच्या हातात दुसरा ठेवला, तसा तो मला बाजूला घेऊन गेला. आदल्या सकाळपासून पहिल्यांदा बोलला, तेही अगदी गोड.

"आलोइस, तुमच्या एका सहीचा प्रश्न आहे. शिखर लिहा. कोण विचारायला येणार आहे?"

मी म्हटलं, "न गेलेल्याला गेला असं मी लिहीत नाही."

गौदेन्स मागं पातेली गाडीत चढवत होता. तो हसला. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"अरे वा! आज लेखणी फारच सोवळी झाली रे तुझी!"

मी त्याला गाडीमागं नेलं.

"काय म्हणायचंय ते नीट म्हण."

"दोन वर्षांपूर्वी ही सोवळी लेखणी कुठं ठेवली होतीस?"

"कचेरीनं चौकशी करून..."

"खड्ड्यात गेली कचेरी. मी त्या दिवशी वर नव्हतो, खाली छावणीत लापशी ढवळत होतो. पण तुला ओळखतो आणि पोरीलाही ओळखतो. तिनं तुझी माफी मागितली आणि तू दोन वर्षं तिला हूं की चूं केलं नाहीस. दगड आहेस दगड."

"कसली माफी?"

"इसाले नव्हतं पाठवलं तिनं?"

"कुंडीत पाठवलं! मुळांसकट! माफीला पान देतात, गाठ मारून देतात, माणसाच्या हाती देतात."

गौदेन्सनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. चाळीस वर्षांत त्याचा असा चेहरा मी बघितला नाही.

"अरे गाढवा," तो म्हणाला, "दार-एस-सलाममध्ये इसाले काय बांधाबांधावर उगवतं? तिथं ते कुंडीत विकतात, साहेबांच्या बैठकीत ठेवायला. नुसतं पान कुणी देईना, म्हणून पोरीनं अख्खी कुंडी घेतली. पान तोडलं तर बसमध्ये सुकेल म्हणून झाडावरच एका पानाला गाठ मारली. मान्कापाशी रडली होती ती. म्हणाली, सगळ्यांदेखत बापाला खोटारडा म्हणाले, मला झोप लागत नाही."

मी घरी आलो ते पिशवीसकट थेट बागेच्या टोकाला गेलो. बुंध्याशी बसून माती चाचपली. गाठीचं पान दोन वर्षं कशाला राहील, कधीच कुजून गेलं असणार. पार्सल उघडलं तेव्हा मी कुंडी नीट बघितलीसुद्धा नव्हती. रागात होतो. मुळं बघितली आणि पुढं बघितलंच नाही.

खरं बोलल्याबद्दल तू माझी माफी मागितलीस, पोरी. मला आज जेवण गेलेलं नाही.

लिहितो आता एकदाचं. त्या दिवशी स्टेलावर तो बेल्जियमवाला दारू प्यायल्यासारखा डुलत होता. तू म्हणालीस, "बाबा, याला आत्ता खाली न्यायचा." मी म्हटलं, "पाऊण तास तर उरलाय." तू परत म्हणालीस. त्याच्यासमोर म्हणालीस, दोन हमालांसमोर म्हणालीस. मला ते लागलं. आलोइसबरोबर चढलेला माणूस पाटीला हात लावल्याशिवाय परत येत नाही, अशी माझी ख्याती. काल चालायला शिकलेली माझी पोरगी मला चारचौघांत डोंगर शिकवतेय! म्हणून मी त्याला पुढं नेला. पाटीच्या अलीकडे तो बसला तो उठलाच नाही. तू त्याला प्राणवायू लावलास, तू स्ट्रेचर बांधलंस, तू पळत खाली आणलास. आज तो काठी घेऊन का होईना, चालतो, तो तुझ्यामुळे.

कागदावर प्रश्न होता, पुढं नेण्याचा निर्णय कुणाचा. मी लिहिलं, "साहाय्यक मार्गदर्शक अनान्सिया सुरुवातीपासून गिऱ्हाइकासोबत होती." एकही शब्द खोटा नाही. फार वेळ लावून शोधलं होतं मी ते वाक्य.

आणि अजून एक. दोन वर्षांच्या आत कुणी जबाब बदलला, तर परवान्याचा फेरविचार होतो. ती मुदत या महिनाअखेरीला संपते. गौदेन्सनं नाही सांगितलं मला. मला तारीख पहिल्यापासून पाठ होती.

बाबा


किबोशो, १९ फेब्रुवारी

अनान्सिया,

जाऊन आलो. पाच दिवस लागले, खोटं कशाला सांगू. दोनदा कचेरीच्या पायरीवरून परत फिरलो. एकदा तर फाटकावरच्या रखवालदारानं चहा पाजला, तो पिऊन आलो.

तिथं जोविताबाई आहेत अजून. चष्मा कपाळावर, आणि डोळे माणसाच्या आरपार. मी कागद पुढं ठेवला.

"हे काय, आलोइस? निवृत्तीचा अर्ज?"

"जबाब आहे. दोन वर्षांपूर्वीचा."

त्यांनी वाचला. मग चष्मा खाली ओढून परत वाचला.

"मुलीनं लिहायला लावलं?"

"तिनं काही सांगितलं नाही. ती बोलत नाही माझ्याशी."

"मी हा फायलीला लावला तर पुढं काय होतं, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे."

"तेहेतीस वर्षांचं नाव आहे हो तुमचं."

"म्हणून तर लावा म्हणतोय, बाई. नाहीतर माझा विचार बदलायचा."

त्या हसल्या नाहीत. शिक्का मारला, तारीख घातली, मला सही करायला लावली. मग म्हणाल्या, परवाना द्या इकडे. गळ्यातून काढून दिला. दोरी ठेवू का, असं विचारलं मी वेड्यासारखं. ठेवा म्हणाल्या.

मालकांना दुसऱ्या दिवशी कळलं. मास्तरकी गेली. ओरडले नाहीत, उलट फार हळू बोलले, ते जास्त लागलं. चर्चबाहेर लोक मला बघून आवाज खाली घेतात. एका म्हातारीनं विचारलं, "आलोइस, आता वय झाल्यावर कशाला उकरलंस रे हे?"

गौदेन्सचं म्हणणं असं की, आता मी इसालेचं पान तोडावं, गाठ मारावी आणि मान्काच्या हाती तुझ्याकडे पाठवावं. मान्का पुढच्या आठवड्यात निघतेय. मी म्हटलं, बाप कधी लेकीला पान देतो का? हसतील लोक. तो म्हणाला, "हसू देत. पण पान पोचलं की काम झालं. इसालेला नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं तर घरात अरिष्ट येतं. पोरगी येईल बघ धावत."

रात्रभर मी तोच विचार केला. सकाळी बागेत गेलो, चांगलं रुंद पान बघून ठेवलं, धरलंसुद्धा. आणि सोडून दिलं.

नाही म्हणता येत नाही, म्हणूनच मी पान पाठवत नाहीये, अनान्सिया. मी तुझं तोंड एकदा बंद केलं. आता पानानं परत बंद करू? नुसता हा कागद पाठवतोय, आधीच्या दोन पत्रांसोबत, मान्काच्या हाती. कागदाला नाही म्हणता येतं. मी चुकलो. मला माफ कर असं मी म्हणतोय, आणि तुला करावंसं वाटलं नाही तर करू नकोस. तुझ्या घरात काही अरिष्ट येणार नाही.

तू यावंस असं मला फार वाटतं. हेही लिहून ठेवतो, नाहीतर परत काहीतरी वाक्य शोधून काढीन.

बाबा


किबोशो, ३ मे

अनान्सिया,

पत्र पोचलं असं मान्का म्हणते. तुझ्या हातात दिलं, तू पिशवीत ठेवलंस आणि गिऱ्हाइकाला फरशी दाखवायला गेलीस. बरं.

जोविताबाईंनी निरोप दिला, तुझा परवाना परत मिळाला. मी त्यांच्यापुढं रडलो, त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

इथं पाऊस लागून राहिलाय. डोंगर तीन आठवडे दिसलेला नाही. पहाटे चारला जाग येते, तशीच सवय लागलेली, आणि मग कळतं की कुणाला उठवायचं नाहीये. काल सवयीनं दोघांची केळी सोलली. शिजवली, दोन्ही वाटे मीच खाल्ले, आणि पोट दुखलं. बोलायला कुणी नसलं की माणूस भांड्यांशी बोलतो म्हणतात. मी अजून तिथवर पोचलेलो नाही. कोंबड्यांशी बोलतो.

उत्तर लिही असं म्हणत नाही. पण लिहिलंस तर लांबलचक लिही.

बाबा


किबोशो, १७ जुलै

अनान्सिया,

गौदेन्सच्या पोटात काही राहत नाही, हे तुला माहीत आहे. तू नवी मंडळी घेऊन वर गेलीस, सहा जण, तूच मुख्य, आणि गुरुवारी म्वेकाला उतरणार, हे त्यानं मला सोमवारीच वरून फोन करून सांगितलं. वर शपथ घातली की मी सांगितलं असं म्हणू नकोस. आता म्हटलं.

मी येणार नव्हतो. बुधवारी संध्याकाळपर्यंत तरी नव्हतो. गुरुवारी दाढी केली, स्वेटर बदलला आणि फाटकाकडं चालायला लागलो. परवान्याशिवाय आत सोडत नाहीत. रखवालदार ओळखीचा, तो म्हणाला, जा हो, कोण बघतंय? मी म्हटलं, नको. बाहेर टोप्या आणि बांगड्या विकणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिलो. एकानं विचारलं, "काय विकताय, काका?" म्हटलं, "काही नाही बाबा, उभा आहे."

तुझं गाणं ऐकलं. आवाज तुझ्या आईचा आहे, खालच्या पट्टीत जरा फाटतो. तू एकेकाचं नाव घेऊन पुढं बोलावलंस, हमालांपासून सुरुवात केलीस, आचाऱ्याला मध्ये घेतलंस. मी उलटं करायचो, मोठ्यांपासून. तुझंच बरोबर आहे. तुझ्या मंडळीत ती लाल जाकिटातली मुलगी दुसरा कागद घेऊन हमसत होती. तिला तू स्टेलावरून वळवलंस म्हणे. तू तिच्याजवळ बसलीस, बूट सोडायला मदत केलीस, तिला काहीतरी सांगत राहिलीस. बराच वेळ. मला तेवढ्या लांबून ऐकू आलं नाही. मी हेन्रिकला फाटकापाशी तसाच उभा सोडला होता, हाताची घडी घालून.

मग तुम्ही गाडीकडं आलात. रस्त्यावर नुसता चिखल. मला वाटलं मागं सरकावं, पण मागं टोप्यांची दुकानं, सरकायला जागा नव्हती. तू समोर आलीस. थांबलीस. तुझ्या मागं ती सहा माणसं, ड्रायव्हर, गौदेन्स. गौदेन्सला तर घाम फुटलेला. गाडीचं दार कुणीतरी उघडता उघडता तसंच धरून ठेवलं.

वाळलीस तू. कपाळावर ऊन लागलंय. गळ्यात परवाना.

तू मला ओळखलंस, अनान्सिया. नीट, पुरतं ओळखलंस. माझ्या बुटांकडं बघितलंस, परत तोंडाकडं बघितलंस आणि म्हणालीस,

"जपून हं, काका. इथं निसरडं आहे."

वाटेत भेटेल त्या कुठल्याही म्हाताऱ्याला म्हणावं तसं. टोपीवाल्यालाही म्हणाली असतीस.

गौदेन्सनं तोंड उघडलं होतं. मी त्याला हातानं गप्प केलं. तुला जे म्हणायचं होतं ते तू म्हणालीस, आणि ते म्हणायला तू मोकळी होतीस. दोन वर्षं पाच महिन्यांत तू माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते. मला आणखी हवं होतं, नाही असं नाही. पण मागायचं नाही असं मीच लिहून दिलं होतं.

मी म्हटलं, "हो बाई. जातो जपून."

तू गाडीत बसलीस. गाडी आपल्या घरावरूनच खाली जाते, मला माहीत आहे, पण मी तिच्या मागं घाई केली नाही. दोन मैलांचा उतार, सगळा चिखल. कडेकडेनं, गवतावर पाय देत, खरंच जपून गेलो.

आलोइस